आत्याच्या पायांखालचे अकरा सेंटिमीटर

माझी आत्या साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. वय 58, उंची 145 सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच फूट. आठवड्यातले तीन दिवस मुख्य शाखेत, दोन दिवस कोरेगावला आणि शनिवारी रहिमतपूरला. जाणं-येणं एसटीनं. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिच्याकडे गेलो, तर ती पलंगावर आडवी होती आणि पायांखाली दोन लोड घेतले होते. घोट्यावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठला होता. तिनं अंगठ्यानं नडगी दाबून दाखवली, तर तिथं पडलेला खळगा भरून यायला वेळ लागला.

डॉक्टरांकडे ती आधीच जाऊन आली होती. रक्तदाब, साखर, थायरॉइड, लघवी, सगळं तपासलं होतं आणि सगळं ठीक होतं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का तुमचे?" आत्या म्हणाली, "बोटं टेकतात." त्यावर डॉक्टरांनी पायांखाली काहीतरी घ्यायला सांगितलं आणि तासातासानं उठून चार पावलं चालायला सांगितलं. ते काहीतरी करून देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं लहानसं वर्कशॉप आहे. शाळांची बाकं, दुकानांची कपाटं, असली कामं मी करतो. पायांखालची घडवंची हे मला एका दुपारचं काम वाटलं होतं. प्रत्यक्षात चार महिने गेले. ते कशात गेले ते इथं सविस्तर लिहितो, कारण पाय न टेकणाऱ्या बायका प्रत्येक कचेरीत आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी काही मोजत नाही.

एक दिवस टेबलाखाली बघत

पहिल्यांदा तिच्या शाखेत एक अख्खा दिवस बसलो. तिच्या हाताकडे किंवा पाठीकडे बघितलंच नाही, फक्त पाय बघितले. सकाळी दहाला ती खुर्चीच्या कडेला बसली, तेव्हा चवडे फरशीला टेकत होते. अर्ध्या तासानं ती मागे सरकली, पाठ टेकवली आणि पाय लोंबकळायला लागले. मग ते आपोआप खुर्चीच्या खालच्या चाकांच्या दांड्यांवर गेले, गुडघे मागे दुमडून. साडेअकराला तिनं टेबलाचा सगळ्यात खालचा खण पायानं ओढला आणि त्याच्या कडेवर टाचा ठेवल्या. जेवणानंतर एक पाय वर घेऊन अर्धी मांडी घातली. खातेदार समोर आला की तो पाय चटकन खाली. तो गेला की परत वर. दिवसभरात दोन्ही पावलं पूर्ण टेकून बसली असं एकदाही झालं नाही.

पाय लोंबकळले की नुसतं अवघडल्यासारखं होतं एवढंच नाही. पायाचं सगळं वजन खुर्चीच्या पुढच्या कडेवर येतं आणि ती कड मांडीच्या खालच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा मागे रुतते. रक्त परत वर नेणाऱ्या शिरा त्याच वाटेनं जातात. त्यातून पोटरी हलत नाही. पोटरीच्या स्नायूला दुसरं हृदय म्हणतात ते उगाच नव्हे. तो आवळला की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. लोंबकळत्या पायाला रेटायला काही नसतं, त्यामुळं पोटरी ढिली राहते आणि पाणी घोट्याशी साठतं. पाय टेकला की माणूस नकळत चवडा दाबतो, टाच उचलतो, आणि तेवढ्यानंही फरक पडतो.

मॅनेजरसाहेबांचा सल्ला सरळ होता: "मॅडम, खुर्ची खाली घ्या ना." हा सल्ला सगळे देतात, आणि तो चुकीचा का आहे हे मला त्या दिवशी टेप लावल्यावर कळलं. टेबल 75 सेंटिमीटर उंच. आत्याचं कोपर बसल्यावर खुर्चीच्या बैठकीपासून 20 सेंटिमीटरवर येतं. पाय टेकावेत म्हणून खुर्ची खाली घेतली तर टेबल तिच्या छातीशी येतं, खांदे कानाकडे जातात आणि मनगट वाकतं. म्हणजे खुर्चीची उंची पायांवरून ठरवताच येत नाही. ती कोपरावरून ठरते, आणि त्यानंतर पायांखाली जी पोकळी राहते ती भरायची असते. परदेशात हे नियमात आलेलं आहे: ब्रिटनमध्ये संगणकावर काम करणाऱ्यांसाठीच्या 1992 च्या नियमांत, जो मागेल त्याला पाय ठेवायला आधार द्यायचा, असं स्पष्ट म्हटलं आहे.

मापं

अनवाणी, पावलं सपाट, मांडी आडवी. जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचं अंतर मोजलं: 36 सेंटिमीटर. भारतीय शरीरमापांसाठी देबकुमार चक्रवर्ती यांचं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं 1997 मध्ये छापलेलं पुस्तक आमच्या धंद्यात संदर्भाला धरतात. शंभर खुर्च्या करायच्या असतील तर मीही तेच उघडतो. पण एका माणसासाठी एक वस्तू करताना त्या माणसाला टेप लावणं हाच रस्ता.

मुख्य शाखेत कीबोर्डचा सरकता फळा 67 सेंटिमीटरवर होता, तेव्हा खुर्ची 47 वर हवी आणि पायांखाली 11 सेंटिमीटर. कोरेगावला तसा फळा नाही, कीबोर्ड थेट टेबलावर. खुर्ची पूर्ण वर नेली की 50 वर जाते आणि पायांखाली 14 राहतात. रहिमतपूरला जुनी वेताची लाकडी खुर्ची, 45 वर ठाम. तिथं 9. तिथं काम बहुतेक हातानं लिहायचं आणि सह्यांचं असल्यामुळं टेबल जरा उंच पडलं तरी चालतं.

म्हणजे एकच वस्तू, तीन उंच्या, आणि ती रोज खांद्यावर. तीन शाखांत तीन स्टुलं ठेवावीत हा विचार मीही केला. मुख्य शाखेत एक ठेवूनही बघितलं. आठ दिवसांत ते पाण्याच्या जारखाली गेलं. दुसऱ्या वेळी झाडणाऱ्या बाईंनी बाहेर काढून ठेवलं आणि ते परत आलंच नाही. आत्या म्हणाली, "आपली वस्तू आपल्याबरोबर. मला मागत बसायला आवडत नाही."

जे जमलं नाही

सगळ्यात आधी तिनं स्वतःच घरातला पाट नेला होता. पाट मजबूत, पण उंची जेमतेम चार सेंटिमीटर, आणि तिथल्या एका सहकारी बाईंनी "अहो, जेवायचा पाट पायाखाली?" म्हणून विचारल्यावर तो दुसऱ्याच दिवशी घरी परत आला. हे मी तेव्हा कानाआड केलं. तसं करायला नको होतं. पुढं तेच मला महागात पडलं.

मग विकतचे प्रकार आणले. हवा भरायची उशी: पहिल्या आठवड्यात बरी वाटली, पण पाय दाबला की एका बाजूला कलते, आणि रेटायला घट्ट काही मिळत नाही. उन्हाळ्यात तिचा प्लास्टिकचा पृष्ठभाग तळव्याला चिकटतो. शिवाय रोज सकाळी कचेरीत पोचल्यावर फुंकून भरायची, हे 58 वर्षांच्या बाईनं खातेदारांसमोर करायचं नसतं. दुसरा प्रकार झोळीचा, टेबलाला टांगून पाय आत ठेवायचे. तिच्या टेबलाला एका बाजूला खण आणि समोर फळी. टांगायला जागाच नाही. शिवाय झोळीतला पाय परत लोंबकळतोच, फक्त कापडात.

तिसरा तो उताराचा, बहुतेक ठिकाणी मिळतो तसा. याच्याविषयी थांबून सांगायला हवं. त्याला चवड्याकडे उंची असते आणि टाचेकडे जवळजवळ काही नसते. ज्याची टाच आधीच जमिनीला टेकते त्याला तो चांगला. घोटा थोडा वळतो, पोटरी ताणते. पण आत्याची टाचच मुळात 11 सेंटिमीटर अधांतरी. तिला उतार नको होता, सबंध पाऊल वर हवं होतं. दुकानदार हा फरक करत नाही. घेणाऱ्यानं करावा: आधी टाचेखालची पोकळी मोजा, उताराचं नंतर बघा.

आता माझे स्वतःचे प्रयत्न. पहिला कैचीचा, मासे धरणारे लोक नेतात तसलं घडीचं स्टूल, वर नवारीचा पट्टा. हलकं, घडी छान, पट्टा लांब-आखूड केला की उंची बदलते. मला फार आवडलं होतं. पण कैची बुटकी असताना तिचं गणित उलटं जातं. दांडी 30 सेंटिमीटरची धरली तर तोंड 28 उघडल्यावर उंची पावणेअकरा येते आणि 29 उघडल्यावर पावणेआठ. नवार एक सेंटिमीटर ताणली की पाय तीन सेंटिमीटर खाली. आणि नवार ताणतेच, कारण एवढ्या पसरलेल्या कैचीत वरचा भार पट्ट्यावर अडीच ते पावणेचार पटीनं येतो. चार दिवसांत पट्टा झोळीसारखा झाला. उंच स्टुलाला ही रचना उत्तम आहे; बुटक्या घडवंचीला ती चालणार नाही, हे आधी कागदावर मांडलं असतं तर नवार वाचली असती.

दुसरा प्रयत्न 12 मिलिमीटर प्लायचा खोका, वरचा फळा 40 बाय 30. जर्मन मानक डीआयएन 4556 मध्ये 45 बाय 35 सेंटिमीटरचा फळा, 11 सेंटिमीटरपर्यंत उंची आणि 5 ते 15 अंशांचा उतार सांगितला आहे. कचेरीत कायम ठेवायच्या वस्तूला ते योग्य. माझा त्याहून लहान खोकासुद्धा अडीच किलोच्या आसपास भरला. आत्यानं तो एका हातात धरला, दुसऱ्या हातात तिची पिशवी, डबा आणि छत्री धरली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. काही बोलली नाही. मीच तो परत घेतला.

तिसरा हलका केला, 6 मिलिमीटरचा प्लाय, खाली पट्ट्या. दोन पायांचं गुडघ्याखालचं वजन शरीराच्या साधारण 12 टक्के असतं. आत्याचं वजन 56 किलो, म्हणजे पावणेसात किलो. तेवढ्याला 6 मिलिमीटर पुष्कळ होतं. दहा दिवस चाललं. अकराव्या दिवशी तिनं कपाटावरची फाईल काढायला त्यावर पाय देऊन उभं राहायचा प्रयत्न केला आणि फळा मधोमध तडकला. टेबल हाताशी होतं म्हणून सावरली. नडगीला खरचटलं तेवढंच. मी त्या रात्री झोपलो नाही. पायांखाली ठेवलेल्या पक्क्या वस्तूवर माणूस कधीतरी उभा राहणारच, आणि तिला "उभी राहू नकोस" सांगून माझी जबाबदारी संपत नव्हती. तेव्हापासून नियम केला की असली वस्तू पूर्ण माणसाच्या वजनाला उतरलीच पाहिजे.

शेवटी झालेली वस्तू

9 मिलिमीटरचा प्लाय, आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, कारण पावसात एसटीतून उतरताना तो भिजणारच. वरचा फळा 36 बाय 26 सेंटिमीटर. आत्याचं पाऊल 22 सेंटिमीटरचं, दोन्ही पावलं शेजारी ठेवून थोडी मोकळीक राहते. खाली दोन बाजूंना 8 सेंटिमीटर उंचीच्या पाय-फळ्या, आत दुमडणाऱ्या. मधे एक आडवी फळी, दोन्हीकडच्या खाचांत बसणारी. ती पाय-फळ्यांना आत पडू देत नाही आणि वरच्या फळ्याला मधोमध आधारही देते. वस्तू उलटी करायची, दोन फळ्या उघडायच्या, मधली खाचेत दाबायची, सुलटी करायची. आत्याला पंधरा सेकंद लागतात.

बिजागरी आधी लांब पट्टीची, पितळी लावली होती. तिच्या सांध्यात साडीचा काठ अडकला आणि एक चांगला इरकली काठ उसवला. खुर्चीत बसल्यावर निऱ्या पायांवर, म्हणजे थेट या वस्तूवर पडतात, हे पँट घालणाऱ्या माणसाच्या ध्यानात येत नाही. मग स्क्रूंची सगळी डोकी आत बुडवली, कडा पॉलिश पेपरनं गोल केल्या आणि बिजागरीच्या जागी दुहेरी नवार चिकटवून वरून पट्टी मारली. कैचीत हरलेली नवार इथं चांगली कामाला आली. पॅड बसवायला वेल्क्रो लावला होता, तोही काढला. सुती साडीचे धागे तो ओढून घेतो. त्याच्या जागी चार टिचबटणं आली.

पॅड अडीच सेंटिमीटरचं, चपलांच्या तळाला लागतं त्या ईव्हीए शीटचं. प्लायचा 8.9 आणि पॅडचा 2.5 मिळून 11.4, पाय ठेवल्यावर थोडं दबतं आणि मुख्य शाखेचे 11 बरोबर भरतात. रहिमतपूरला पॅड काढायचं की 8.9. कोरेगावसाठी दुसरं पॅड वर लावायचं, साडेतेरा होतात, म्हणजे अर्धा सेंटिमीटर कमी. कमी पडलं तर चालतं. जास्त झालं तर गुडघे वर जातात, मांड्या बैठकीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार माकडहाडाशी येतो. दुसरं पॅड रोज न्यायचं म्हणून मी पिशवी मोठी शिवून घेतली होती. आत्या म्हणाली, "ते कशाला वाहू? कोरेगावच्या खणात ठेवते." चार महिन्यांत मला सुचलं नव्हतं.

उतार फक्त किंचित दिला, पुढच्या कडेला रबराची दोन जाड बुटं लावून. रबरामुळं फरशीवर सरकतही नाही. सिमेंटची 50 किलोची दोन पोती एकावर एक ठेवून रात्रभर ठेवलं, फळा वाकला नाही. मग मी स्वतः त्यावर उभा राहिलो आणि मगच तिला दिलं. पॅडसकट वजन सव्वा किलोच्या आत.

एवढं सगळं करून ती वस्तू पहिल्या आठवड्यात घरीच राहिली. विचारलं तर आधी म्हणाली विसरले. मग म्हणाली पाऊस होता. शेवटी खरं बोलली. तिच्या पिशवीत डबा असतो, आणि एसटीत वाचायला पोथी असते. पायाखालची वस्तू त्याच पिशवीत घालायला तिचं मन होत नव्हतं. मला पाटाची गोष्ट आठवली आणि वाईट वाटलं, कारण तिनं आणि त्या सहकारी बाईंनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वजन मोजलं, उंची मोजली, पण ती वस्तू कशाशेजारी राहणार हे विचारलं नाही.

मग घडी बदलली. पॅड आतल्या बाजूला येईल, म्हणजे पाय लागणारी बाजू मिटल्यावर दिसणारच नाही, असं केलं. आणि वेगळं कव्हर शिवून घेतलं, जाड कॅनव्हासचं, खांद्याला आडवा पट्टा. लॅपटॉपच्या पिशवीसारखं दिसतं. रंग तिनं निवडला, लाल. मला तो भडक वाटला होता, पण त्याचा एक उपयोग निघाला: फळ्याची कडही तशाच लाल रंगाच्या रेग्झिनची केली, आणि टेबलाखालच्या अंधारात शिपाई त्याला अडखळायचे थांबले.

शेवटची भर तिच्याच डोक्यातली. वस्तू टेबलाखाली लांब गेली की वाकून ओढावी लागायची. तिनं पुढच्या कडेला नवारीचा एक फास शिवून मागितला. आता ती छत्रीची मूठ त्यात अडकवते आणि बसल्या जागी ओढून घेते.

सहा महिन्यांनंतर

घोट्यावरचा वळ आता संध्याकाळी हलकाच दिसतो, आणि शनिवारी रहिमतपूरहून आल्यावर लोड घ्यावे लागत नाहीत. याचं सगळं श्रेय लाकडाला देणार नाही. ती आता तासाला उठते, पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब ठेवते. पाय ठेवायला पक्की जागा मिळाल्यावर टाचा वर-खाली करायची सवय मात्र तिला आपोआप लागली, हे मी डोळ्यांनी बघितलं. दोन्ही पाय सारखे सुजत असतील आणि तपासण्या ठीक असतील तरच असल्या वस्तूचा विचार करावा. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखली, गरम लागली, तर सुतार नको, त्याच दिवशी डॉक्टर. शिरेत गुठळी झाली असू शकते.

एसटीत मात्र ती वापरू नकोस असं मी तिला सांगितलं आहे. ब्रेक लागला की सुटी वस्तू पुढं सरकते आणि उतरणाऱ्याच्या पायात येते. एसटीत ती मिटलेली, मांडीवर.

कोरेगावच्या शाखेतल्या एका ताईंनी तशीच करून मागितली. त्यांना घेऊन टेबलाशी बसलो, टेप लावला. उंची 151, गुडघ्यामागे 38, कोपर बैठकीपासून 22, खुर्ची 50 वर. पायांखाली 12. त्यांच्या पाय-फळ्या 9 सेंटिमीटरच्या केल्या, पॅड एकच. त्या सलवार-कमीज घालतात, तरी स्क्रू आतच बुडवले.

आत्याच्या वस्तूची डाव्या बाजूची नवार आता कडेला विरली आहे. रोज दोनदा उघडमीट, म्हणजे एवढं टिकलं ते ठीकच. बदलायला दोन दिवस दे म्हटलं तर देत नाही. रविवारी सकाळी आणून देते म्हणाली, सोमवारी आठच्या गाडीच्या आत परत हवी. फेविकॉल वाळायला एक रात्र लागते, म्हणून नव्या पट्ट्या शनिवारीच कापून ठेवल्या आहेत.